इंजिन ओव्हरहॉलमधले ऑइल गॅलरी प्लग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या गाडीचं इंजिन खोललं की सगळं लक्ष पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि क्रँककडे जातं. ब्लॉकच्या पुढच्या-मागच्या तोंडाला बसलेले बोटाच्या पेराएवढे प्लग बरेचदा तसेच राहतात. ते गळत नसतात आणि निघतानाही त्रास देतात, म्हणून कुणी त्यांच्या वाटेला जात नाही. माझं मत आधीच सांगतो: त्या प्लगांमागची भोकं उघडून ब्रशने घासली नसतील तर ब्लॉक धुतलेला नाही, मग तो वरून कितीही चकचकीत दिसो. खालची सगळी उत्तरं याच एका गोष्टीभोवती आहेत.

ऑइल गॅलरी प्लग मुळात असतातच कशाला?

ओतीव ब्लॉकमध्ये तेलाचे रस्ते ड्रिलने पाडलेले असतात आणि ड्रिल वळत नाही. म्हणून मुख्य गॅलरी ब्लॉकच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ जाते. तिला मेन बेअरिंगकडे, कॅमकडे, हेडकडे जाणारी आडवी-तिरकी भोकं येऊन मिळतात. ड्रिल जिथून आत शिरलं ते प्रत्येक तोंड बाहेरून उघडं राहतं. ते बंद करणारं बूच म्हणजे गॅलरी प्लग. इंजिन चालू असताना पंपाचा पूर्ण दाब त्याच्या पाठीवर असतो. अनेक जुन्या इंजिनांत गरम असताना तो ४० ते ६० पीएसआय असतो आणि थंडगार तेलात त्याहून जास्त.

पाण्याच्या जॅकेटला असतात ते डबीसारखे पत्र्याचे प्लग आणि हे एकच का?

नाही. त्यांना बरेच जण वेल्च प्लग किंवा फ्रॉस्ट प्लग म्हणतात. ओतकामाच्या वेळी आतली वाळू काढण्यासाठी ठेवलेली मोठी भोकं ते बंद करतात. त्यांच्यामागे कूलंट असतं आणि दाबही कमी असतो. तो प्लग गळायला लागला तर रेडिएटरचं पाणी कमी होऊन लक्षात तरी येतं. गॅलरी प्लग टायमिंग कव्हरच्या आत सुटला तर बाहेर थेंबही दिसत नाही, फक्त ऑइल प्रेशर गेजचा काटा खाली येतो.

प्लग गळत नाहीत. मग चांगल्या बसलेल्याला हात कशाला लावायचा?

गळतीसाठी नाही, त्याच्यामागे काय साठलंय त्यासाठी.

गॅलरीचं शेवटचं आडवं भोक आणि प्लग यांच्यामध्ये एक बंद कोपरा उरतो. तेल त्या कोपऱ्यापर्यंत पोचतं, पण तिथून पुढे वाहत नाही. वाहत्या पाण्याच्या कडेला गाळ बसावा तसा तिथे वर्षानुवर्षं गाळ बसत जातो: काजळी, घट्ट झालेलं तेल, झिजलेल्या बेअरिंगची चमकी. ब्लॉक कॉस्टिकच्या टाकीत उकळला की हा गाळ मऊ होतो, पण बाहेर पडायला त्याला वाटच नसते. पुढे नवं तेल पडतं. त्यातली गाळ सोडवणारी द्रव्यं आपलं काम करतात आणि तो गाळ हळूहळू सुटा होतो.

सुटा झालेला गाळ जातो कुठे, हा खरा मुद्दा आहे. सगळं तेल फिल्टरमधून पाठवणाऱ्या इंजिनांत फिल्टर मुख्य गॅलरीच्या आधी असतो. म्हणजे गॅलरीतली घाण फिल्टरच्या पलीकडची. ती सुटली की तिच्या आणि नव्या बेअरिंग शेलच्या (बेअरिंगच्या बदलता येणाऱ्या अर्धगोल पट्टीच्या) मध्ये अडवायला काहीच नाही. शेल आणि जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) यांच्यातली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची असते, साधारण ०.०४ ते ०.०६ मिमी. त्यात होनिंगची (सिलिंडर दगडाने घासून गुळगुळीत करण्याची) भुकटी शिरली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. बोअरिंग (सिलिंडर कापून मोठा करणं) आणि होनिंग ज्या ब्लॉकवर झालंय त्यात अशी भुकटी गॅलरीतही गेलेलीच असते.

हे मी एकदा किंमत मोजून शिकलो. चार सिलिंडरच्या एका ब्लॉकचे पुढचे दोन प्लग सहज निघाले, मागचे दोन हलेनात. ज्यांच्याकडे बोअरिंगला दिला होता ते म्हणाले, राहू द्या, टाकीत धुऊन निघेल. मी मान डोलावली. काहीशे किलोमीटरनंतर मेन बेअरिंग वाजायला लागली. पुन्हा इंजिन उतरवलं, तेव्हा मागच्या दोन शेलवर नखाला लागतील अशा गोल रेघा होत्या. या वेळी मागचा प्लग तापवून काढलाच. त्याच्यामागून करंगळीच्या पेराएवढी काळी, मेणासारखी गुळी आली. पांढऱ्या फडक्यावर ती रॉकेलमध्ये विरघळवली आणि फडकं उन्हात धरलं. सगळ्या कापडभर राखाडी कण पसरलेले आणि मध्येमध्ये बेअरिंगच्या धातूच्या चकाकणाऱ्या टिकल्या. तेव्हापासून न निघणारा प्लग दिसला की मी असं धरून चालतो की सगळ्यात जास्त घाण त्याच्यामागे आहे.

एकूण प्लग किती आहेत हे कसं कळायचं?

तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला तेलाच्या मार्गाचा नकाशा समोर ठेवा आणि ब्लॉकवर खडूने आकडे टाकत जा. मग प्रत्येक भोकात मऊ तार घाला आणि ती कुठून बाहेर येते ते बघा. जिथे तार अडते तिथे एक तर गाळ आहे किंवा तुम्हाला न दिसलेला प्लग.

लपलेल्या जागा ठरलेल्या असतात: टायमिंग कव्हरच्या आत, कॅमच्या थ्रस्ट प्लेटमागे, फ्लायव्हीलच्या बाजूला, डिस्ट्रिब्युटरच्या भोकाजवळ, ऑइल फिल्टरच्या बैठकीत. शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ मध्ये तर एक छोटा प्लग मागच्या मेन कॅपखाली असतो. तो तेलाला फिल्टरकडे वळवतो. धुताना काढला आणि परत बसवायचा राहिला, तर तेल फिल्टरला वळसा घालून थेट गॅलरीत जातं, आणि गेजवर ते कळतही नाही. हेडमधली भोकं आणि रॉकर शाफ्टच्या टोकांचे प्लगही याच यादीत धरा.

काढलेला प्रत्येक प्लग आकडा घातलेल्या पिशवीत ठेवा आणि काढण्याआधी फोटो घ्या. फोटोत तो पृष्ठभागापासून किती आत आहे हेही दिसलं पाहिजे.

माझ्या इंजिनात कुठल्या प्रकारचे प्लग आहेत?

बाहेरून चौकोनी डोकं, चौकोनी खाच किंवा ॲलनची षट्कोनी खाच दिसली तर आट्यांचा प्लग. असे प्लग बहुतेक निमुळत्या आट्यांचे असतात, म्हणजे आत जातील तसे घट्ट होत जातात. गुळगुळीत पितळी किंवा ॲल्युमिनियमची चकती दिसली तर ठोकून बसवलेला. वाटीसारखा खोलगट पत्रा दिसला तर कप प्लग. काही ठिकाणी भोकात पोलादी गोळी दाबून बसवलेली असते. ती न काढता दुसऱ्या बाजूने साफ करता येते का ते आधी बघा.

आट्यांचा प्लग जाम आहे, हलत नाही. काय करू?

आधी काय करू नये ते. सैल बसणारी ॲलन की लावून जोर करू नका, खाच गोल झाली की काम दुप्पट होतं. खाचेतली घाण टोकदार सुईने शेवटपर्यंत उकरून काढा, बिट पूर्ण तळापर्यंत बसला पाहिजे. मग पंच ठेवून प्लगच्या मध्यावर हातोडीचे दोन-चार कडक ठोके द्या. कितीतरी प्लग एवढ्यानेच सुटतात.

नाही सुटला, तर उष्णता. ओतीव लोखंडाच्या ब्लॉकमध्ये माझा भरवसा या पद्धतीवर सगळ्यात जास्त आहे. आधी गॅलरीतलं तेल आणि सॉल्व्हंट पूर्ण पुसून घ्या, जवळ आग विझवण्याची सोय ठेवा. गॅसची बारीक ज्योत फक्त प्लगच्या मध्यावर धरा. तो मंद लाल झाला की ज्योत बाजूला करा. तापलेला प्लग फुगायला बघतो, पण भोवतीचं लोखंड त्याला जागा देत नाही. त्यामुळे तो स्वतःतच दबतो आणि थंड होताना आधीपेक्षा किंचित बारीक होतो. आट्यांमधली जुनी पकड इथेच तुटते. लाली गेली की मेणबत्ती त्याच्या कडेला टेकवा. मेण वितळून आट्यांमध्ये ओढलं जातं. मग बिट लावून आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने हलवा आणि नंतर सोडवा. पहिल्या वेळेला नाही आला तर पुन्हा तापवा. तिसऱ्या खेपेपर्यंत बहुतेक प्लग हार मानतात. तापलेल्या ब्लॉकवर पाणी मात्र कधीच ओतू नका, ओतीव लोखंडाला तडा जातो.

खाच आधीच गोल झाली असेल तर प्लगवर नट ठेवून नटाच्या आतून वेल्डिंग करून घ्या. वेल्डिंगची उष्णता आणि धरायला नवा नट, दोन्ही एकदमच मिळतात. उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर मी शेवटीच हातात घेतो. तो कडक पोलादाचा असतो आणि आत तुटला तर साध्या ड्रिलने निघत नाही.

ठोकून बसवलेले प्लग कसे काढायचे?

गॅलरी आरपार असेल तर कप प्लग सोपे: एका टोकाचा स्क्रू प्लग काढा, लांब पोलादी सळई आत घाला आणि दुसऱ्या टोकाचा कप बाहेर ठोका. आरपार नसेल तर कपाच्या मध्यावर भोक पाडा, त्यात स्क्रू पिळा आणि सरकत्या वजनाच्या हातोडीने ओढा.

भरीव पितळी प्लग, जसे बीएमसीच्या ए-सिरीज इंजिनात असतात, त्यांना मध्यावर भोक पाडून आटे पाडा आणि बोल्ट लावून ओढा. ड्रिल बरोबर मध्यात राहील याची काळजी घ्या, आणि खोली मोजून टेपची खूण करा. ड्रिल प्लगमधून आरपार घुसून समोरच्या भिंतीला लागलं तर कायमची इजा होते.

ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल तर तापवता येतो का?

लाल होईपर्यंत नाही. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं, मिश्रधातू त्याहून आधी, आणि वितळण्याआधी त्याचा रंग बदलून इशारा मिळत नाही. इथे उलटं काम करायचं: प्लग नाही, पूर्ण ब्लॉक सारखा तापवायचा. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. म्हणून ब्लॉक १०० ते १२० अंशांना नेला की पोलादी प्लगभोवतीचं भोक मोठं होतं आणि तो सैल होतो.

एक इशारा वेगळा द्यायलाच हवा. हवेवर थंड होणाऱ्या फोक्सवॅगन बीटलचं क्रँककेस ॲल्युमिनियमसारखं दिसलं तरी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं. त्यावर ज्योत धरू नका. ड्रिलिंगचा कीसही साठू देऊ नका, तो पेट घेतो आणि पाण्याने विझत नाही, उलट भडकतो. त्यात बसवलेले ॲल्युमिनियमचे प्लग ड्रिलनेच काढायचे.

शिवाय ॲल्युमिनियमची कुठलीही वस्तू कॉस्टिकच्या टाकीत घालू नका. लोखंडी ब्लॉकमध्ये ॲल्युमिनियमचा प्लग राहिला असेल तर कॉस्टिक तोही खाऊन टाकतं.

ठोकलेल्या प्लगऐवजी आटे पाडून स्क्रू प्लग बसवणं योग्य का?

बहुतेक वेळा हो. पुढच्या वेळी प्लग पाच मिनिटांत निघतो आणि दाबाने सुटायची भीती नाही. पण आधी दोन गोष्टी मोजा. भोकाभोवती धातू पुरेसा आहे का, कारण निमुळता प्लग पाचरीसारखा बाहेरच्या बाजूला रेटतो आणि पातळ कडेला तडा जातो. आणि आत जवळच एखादं आडवं भोक आहे का. प्लग जास्त आत गेला तर त्या भोकाचं तोंडच झाकतो. मग गळती नाही, प्रेशर उत्तम, आणि एक बेअरिंग कोरडं. ही चूक पुष्कळ जणांकडून होते, कारण गेज तिला दाखवत नाही. प्लग बसवल्यावर आडव्या भोकातून तार घालून वाट मोकळी आहे का ते बघा. लांब असेल तर प्लग कापून घ्या.

निमुळता टॅप (आटे पाडायचं हत्यार) जितका खोल जाईल तितकं भोक मोठं होतं, म्हणून थोडे आटे पाडायचे, प्लग लावून बघायचा, पुन्हा थोडे पाडायचे. पाव इंची एनपीटीसाठी (अमेरिकन पद्धतीचे निमुळते पाइप आटे) आधीचं भोक ११.१ मिमी. लोखंडात कोरडं चालतं, ॲल्युमिनियमला रॉकेल लावा. आणि हे सगळं शेवटच्या धुण्याच्या आधी. धुऊन झालेल्या ब्लॉकवर टॅप मारला तर पुन्हा पहिल्यापासून धुवायचा.

एनपीटी आणि बीएसपीटी (ब्रिटिश पद्धतीचे पाइप आटे), दोन्ही निमुळतेच ना? एकाच्या जागी दुसरा चालेल?

नाही. दोघांचा निमुळतेपणा १:१६ आहे म्हणून गोंधळ होतो. पण एनपीटीच्या आट्यांचा कोन ६० अंश, बीएसपीटीचा ५५. पाव इंची मापात एनपीटीला इंचामागे १८ आटे, बीएसपीटीला १९. अष्टमांश इंचात २७ आणि २८. चुकीचा प्लग दोन-तीन फेरे जातो आणि वाटतं बसला, प्रत्यक्षात तो आटे खात असतो. अर्धा इंची मापात तर दोन्हींना १४ आटे, फरक कोनाचा आणि व्यासाचा. पिच गेज लावून खात्री करा. ‘पाव इंची’ हे पाइपचं माप आहे हेही लक्षात ठेवा. कॅलिपर लावला तर तो प्लग बाहेरून साधारण १३ ते १४ मिमी भरतो.

क्रँकमधल्या प्लगांचं काय?

तेही काढायचेच, असतील तर. काही क्रँकच्या पिना आतून पोकळ असतात आणि त्यांची तोंडं प्लगने बंद केलेली असतात. क्रँक फिरताना तेलातले जड कण बाहेरच्या भिंतीकडे फेकले जातात आणि तिथे थर होऊन चिकटतात. जुन्या क्रँकमध्ये हा थर इतका घट्ट होतो की स्क्रू ड्रायव्हरने खरवडावा लागतो. क्रँक ग्राइंड करून आणलेला असेल तर त्यावर दगडाची भुकटीही आलीच.

हे प्लग कडेने पंच मारून अडवलेले असतात. ती दाबलेली कडा ड्रिलने काढल्याशिवाय पिळू नका. नवा बसवताना थ्रेड लॉक लावा, पुन्हा पंच मारा, आणि प्लग वेबच्या (क्रँकच्या पिनेला धरणाऱ्या बाजूच्या भिंतीच्या) बाहेर डोकावत नाही ना ते बघा. क्रँकचं बॅलन्सिंग प्लग बसवल्यानंतर करा.

गॅलरी धुवायची कशी?

लांब दांड्याचा ब्रश, गरम पाणी आणि भांड्यांचा साबण. आधी सॉल्व्हंटने गाळ सोडवायचा, पण होनिंगची भुकटी सॉल्व्हंटने निघत नाही, तिला साबणाचं पाणीच लागतं. प्रत्येक भोकात दोन्ही बाजूंनी ब्रश घाला. पांढरं फडकं सळईला बांधून ओढा आणि ते पांढरंच बाहेर येईपर्यंत थांबू नका. मग कॉम्प्रेसरची हवा, डोळ्याला चष्मा लावून. एका टोकाला टॉर्च धरून दुसऱ्या टोकाने बघा: भिंत चकचकीत, गोल दिसली पाहिजे. लगेच तेल फवारा, धुतलेलं लोखंड बघता बघता गंजतं.

टेफ्लॉन टेप लावू का?

नको. टेपची धागुळी तुटून आत गेली की ती बारीक भोकात जाऊन बसते. पीटीएफई (म्हणजे टेफ्लॉनच) असलेलं पेस्ट सीलंट वापरा, तेही पुढचे दोन आटे कोरडे ठेवून. हवा बंद झाल्यावर धातूच्या सान्निध्यात घट्ट होणारं थ्रेड सीलंट उत्तम, कारण आत गेलेला जादा थेंब तेलात पातळच राहतो. सिलिकॉन नको, त्याचा सुटलेला तुकडा रबरासारखा राहतो. आटे तेलकट असतील तर कुठलंच सीलंट धरत नाही.

कप प्लगला कडेने रिटेनिंग कंपाउंड लावा, कपात नीट बसेल अशा ड्रिफ्टने सरळ ठोका आणि भोकाच्या कडेला तीन-चार ठिकाणी पंच मारून धातू आत वळवा.

जुने प्लग परत वापरू का?

तापवलेले, खाच झिजलेले, ठोकलेले: नाही. कप प्लग कधीच नाही.

किती घट्ट करायचे?

मॅन्युअलमध्ये टॉर्क दिला असेल तर तोच. नसेल तर निमुळता प्लग हाताने घट्ट होईपर्यंत न्या आणि मग पान्याने दीड ते दोन फेरे. हाताला प्रतिकार सारखा वाढत गेला पाहिजे. अचानक हलका झाला तर आटे गेले किंवा कडेला तडा गेला, तिथेच थांबा. बसवलेला प्लग टायमिंग कव्हरला, थ्रस्ट प्लेटला किंवा फ्लायव्हीलला घासत नाही ना, हे पट्टी आडवी धरून तपासा.

इंजिन गाडीत आहे आणि मागून तेल गळतंय. रिअर मेन सीलच असेल ना?

असेलच असं नाही. मागचा गॅलरी प्लग गळला तरी तेल बेलहाऊसिंगमधूनच (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या कवचातून) खाली येतं आणि दोष सीलवर जातो. इंजिन चालू असताना, दाब असतानाच गळत असेल आणि फ्लायव्हीलच्या वरच्या बाजूला ब्लॉक ओला असेल, तर आधी प्लगवर संशय घ्या. सीलची गळती क्रँकच्या पातळीपासून खाली उतरते. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर ब्लॉकची पाठ पुसून पावडर लावा आणि ओलं कुठून सुरू होतं ते बघा.

सगळं बसवलं. इंजिन सुरू करण्याआधी खात्री कशी करू?

सीलंटला डब्यावर लिहिलेला वेळ द्या. मग इंजिन न फिरवता गॅलरीत दाब आणा. पंप डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवर चालत असेल तर ड्रिल मशीनने पंप फिरवा, दिशा आधी तपासून. नाहीतर ऑइल प्रेशर स्विचच्या भोकाला तेलाची दाबाची टाकी जोडा.

जमत असेल तर हे टायमिंग कव्हर आणि संप (खालची तेलाची टाकी) लावण्याआधी, टाकी वापरून करा. खाली स्वच्छ ट्रे ठेवा. क्रँक हाताने हळूहळू फिरवा आणि प्रत्येक मेन, प्रत्येक बिग एंडच्या (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या) कडेने तेल झिरपताना डोळ्यांनी बघा. एखादं कोरडं राहिलं तर थांबा आणि आधी बोललो तो आत गेलेला प्लग शोधा. मग प्रत्येक प्लगभोवती कोरडं बोट फिरवा. खडूने टाकलेले आकडे अजून ब्लॉकच्या फोटोत असतील, त्यांच्याशी मोजून घ्या. बोट कोरडं आलं की त्या आकड्यावर खूण करा, आणि शेवटच्या आकड्यावर खूण झाल्यावरच संपचं गॅस्केट हातात घ्या.